घड्याळाचे काटे आणि तराजूचा काटा

मा. संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या जुन्या सोन्याच्या मनगटी घड्याळांची किंमत कशी काढावी यावर एक लेख प्रसिद्ध झाला आहे. लेखातला सल्ला थोडक्यात असा: मागच्या झाकणावरचा कसाचा आकडा वाचावा, पट्टा काढून घड्याळ काट्यावर ठेवावे, येईल त्या वजनाला त्या दिवसाच्या भावाने गुणावे, आतल्या ‘माणकां’चे वेगळे पैसे मागावेत आणि विकायला नेण्यापूर्वी घड्याळ चांगले पॉलिश करून घ्यावे. सोबत मागचे झाकण उघडलेल्या एका घड्याळाचे मोठे छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘मशीन स्विस, केस अमेरिकेची, असे जोडकाम सोन्याच्या भावातच द्यावे’ अशी ओळ आहे. (मशीन म्हणजे घड्याळाची आतली यंत्रणा आणि केस म्हणजे तिच्याभोवतीचे धातूचे कवच.) गेली बावीस वर्षे मी असली घड्याळे जमवतो. माझा संग्रह मोठा नाही, सतरा घड्याळांचाच आहे, आणि त्यातली निम्मी तरी जाणकाराने उचलून बाजूला ठेवावीत अशीच आहेत. तरीही हा सल्ला वाचल्यावर गप्प बसवेना, कारण सोन्याचा भाव आज जिथे आहे तिथे असा सल्ला एका दुपारीत अमलात येतो, आणि मुशीत गेलेली वस्तू परत मागता येत नाही.

ज्याला ‘ड्रेस वॉच’ म्हणतात ते घड्याळ म्हणजे शर्टाच्या बाहीखाली अलगद सरकावे इतके पातळ, दोन किंवा तीन काट्यांचे, बहुधा तारीखसुद्धा नसलेले, चामड्याच्या पट्ट्यावरचे साधे घड्याळ. पाटेक फिलिप या स्विस घड्याळ घराण्याचे १९३२ साली आलेले ‘कॅलात्राव्हा’ मालिकेतले ९६ क्रमांकाचे घड्याळ हा त्याचा नमुना मानला जातो. त्याचा व्यास जेमतेम ३१ मिलिमीटर आहे आणि ते १९७३ पर्यंत बनत राहिले. आजच्या ४० मिलिमीटरच्या सवयीने पाहणाऱ्याला ते बायकांचे घड्याळ वाटते. या जातीच्या घड्याळांत कारागिरीची चढाओढ जाडी कमी करण्याची होती. व्हॅशराँ काँस्टांटँने आपल्या द्विशताब्दीच्या वर्षी, म्हणजे १९५५ साली, १००३ क्रमांकाचे मशीन आणले, ते १.६४ मिलिमीटर जाडीचे होते. पियाजेचे ‘९ पी’ १९५७ साली आले, ते २ मिलिमीटरचे. आणि तीनच वर्षांनी त्याच घराण्याने आपोआप चावी भरणारे ‘१२ पी’ २.३ मिलिमीटरमध्ये बसवून दाखवले. एवढ्या जागेत चाकांची सगळी उतरंड, घड्याळाला शक्ती देणाऱ्या मेनस्प्रिंगचा डबा आणि गती राखणारे बॅलन्स व्हील एकमेकांना न घासता फिरायचे, म्हणजे चाकांना धरून ठेवणारी एखादी पट्टी, जिला पूल म्हणतात, केसभर वाकली तरी घड्याळ बंद. असे मशीन जुळवणारे हात फार थोडे होते.

लेखातला सल्ला इथेच उलटा पडतो. या घड्याळांत काम जितके अवघड तितकी केस पातळ, आणि केस जितकी पातळ तितके सोने कमी. तराजू ज्याला हलके म्हणून बाजूला सारतो ते बहुधा अधिक मेहनतीचे असते, आणि ज्याला जड म्हणून मान देतो त्यात पुष्कळदा साधेच मशीन एका जाडजूड केसमध्ये बसवलेले असते. दागिन्यात वजन आणि मोल निदान एका दिशेने चालतात. इथे त्यांची पाठ एकमेकांकडे आहे.

शिवाय वजनही नीट येत नाही. घड्याळाच्या आतले मशीन पितळेचे किंवा तत्सम मिश्रधातूचे, त्यावर ऱ्होडियमचा किंवा सोन्याचा नुसता मुलामा. चाकांचे आस पोलादी. वर काच किंवा प्लास्टिक. पट्टा अडकवायच्या दांड्याही पोलादाच्या. हे सगळे बाजूला केल्यावर समजा नुसत्या केसचे वजन १५ ग्रॅम भरले, तर १८ कॅरेटमध्ये शुद्ध सोने ११ ग्रॅमच्या किंचित वर आणि १४ कॅरेटमध्ये ९ ग्रॅमलाही थोडे कमीच. लेख वाचून घड्याळ जसेच्या तसे काट्यावर ठेवणारा माणूस याच्या कितीतरी जास्त आकडा मनात धरून जाईल आणि परत येताना आपल्याला फसवले असे समजेल. मागच्या झाकणावर ‘प्लाके ऑर २० मायक्रॉन’ असे काही असेल तर ते घड्याळ सोन्याचे नव्हेच, त्यावर दोन शतांश मिलिमीटरचा थर आहे एवढेच. आणि ‘गोल्ड कॅप्ड’ म्हणजे पोलादी केसवर चढवलेला सोन्याचा पत्रा. लेखात यांचा उल्लेखच नाही. वजनाचाच हिशेब सांगायचा तर तोही पुरता सांगायला हवा होता.

त्याहून मला खटकली ती गोष्ट निराळी आहे. लेखकाने कसाचा आकडा वाचायला सांगितले आणि त्याच्या शेजारच्या मुद्रांकडे पाहिलेच नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९९५ पर्यंत १८ कॅरेटच्या केसवर हेल्वेशिया देवीचे मस्तक आणि १४ कॅरेटवर खार उमटवीत. १९९५ पासून दोघांच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचे डोके आले. फ्रान्समध्ये बनलेल्या १८ कॅरेटच्या केसवर गरुडाचे डोके असे, आणि बाहेरून आलेल्या सोन्यावर घुबड. ब्रिटनमध्ये तर कसाबरोबर वर्षाचे अक्षरही उमटवीत, त्यामुळे बर्मिंगहॅमच्या, जहाजाच्या नांगराच्या मुद्रेशेजारचे ते अक्षर वाचता आले की केस कोणत्या वर्षी तपासली गेली ते कळते. ब्रिटनसाठीच्या कितीतरी ओमेगा आणि लाँजिन्स घड्याळांच्या केस ९ कॅरेटच्या, म्हणजे हजारात ३७५ भाग सोन्याच्या, आणि त्या बर्मिंगहॅमच्या डेनिसन कारखान्यात बनलेल्या असत. आपल्या नजरेला ९ कॅरेट म्हणजे हिणकस सोने; पण डेनिसनची केस हातात घेतली की सोन्याच्या कसाचा आणि कामाच्या कसाचा संबंध नाही हे चटकन उमगते. जिनिव्हाच्या केसकारांची मुद्रा किल्लीची, तिच्या आत एक आकडा, आणि तो आकडा म्हणजे त्या कारागिराची ओळख. नखाच्या टोकाएवढ्या जागेत देश, कस, कधी वर्ष आणि कधी करणाऱ्याची सहीसुद्धा मावलेली असते. भिंगाखाली हे वाचताना मला दर वेळी जुना ताम्रपट वाचल्यासारखे वाटते, आणि ताम्रपटाला तांब्याच्या भावाने मोजणाऱ्याला आपण काय म्हणू ते मी लिहीत नाही.

माणकांबद्दल मात्र लेखात सरळ चूक आहे. तबकडीवर किंवा मशीनवर ‘१७ ज्वेल्स’ असे लिहिलेले असते, त्यावरून आत सतरा रत्ने आहेत असा समज फार जुना आहे. चाकांचे आस ज्या भोकांत फिरतात तिथे घर्षण कमी व्हावे म्हणून बसवलेले ते बारीक खडे आहेत. एकेकाळी ते खाणीतले असत हे खरे. पण फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ओग्यूस्त व्हर्नुई यांनी ज्योतीत कृत्रिम माणिक बनवण्याची रीत १९०२ साली जाहीर केली आणि त्यानंतर घड्याळांत सर्रास तेच वापरले जाऊ लागले. त्यांचे वेगळे पैसे कोणी देणार नाही. ते मागणाऱ्या वाचकाचे हसे होईल एवढेच.

पॉलिशच्या सल्ल्यावर मी थोडे विस्ताराने लिहितो, कारण तो मी स्वतः पाळून बसलो आहे. माझे दुसरेच घड्याळ पन्नाशीच्या दशकातले, गुलाबी सोन्याचे, लाँजिन्सचे होते. पट्टा अडकवायचे त्याचे चारही कान पैलू पाडलेले होते: वरची बाजू आरशासारखी, बाजूचा उतार रेघारेघांचा, आणि दोघांच्या मध्ये नखाला जाणवेल अशी धारदार कड. केसवर काळसर, तपकिरी झाक आली होती, विशेषतः मुद्रांच्या खाचांभोवती. मला ती मळ वाटली. एका कारागिराकडे देऊन मी ते ‘नव्यासारखे’ करायला सांगितले, आणि त्याने अगदी नव्यासारखे करून दिले. चारही कान गुळगुळीत गोल झाले, रेघा गेल्या, कड गेली आणि डाव्या कानाच्या बाहेरच्या बाजूला असलेले हेल्वेशियाचे मस्तक पुसून तिथे नुसता एक खळगा उरला. कारागिराला मी बोल लावत नाही, मी सांगितले तेच त्याने केले. ती तपकिरी झाक म्हणजे गुलाबी सोन्यातल्या तांब्याने वर्षानुवर्षांच्या हवेशी केलेला व्यवहार होता आणि केसला आजवर कोणी हात लावला नाही याचा तोच पुरावा होता, हे मला पुढे एका वडीलधाऱ्या संग्राहकाने सांगितले. तो घड्याळ बघून काही बोलला नाही. त्याने फक्त बोट कानावरून एकदा फिरवले आणि घड्याळ माझ्या हातात परत ठेवले.

सोने मऊ असते. त्यात तांबे आणि चांदी मिसळून ते घड्याळाच्या कामाइतके कडक करतात, तरी पोलादाच्या मानाने ते मऊच राहते, आणि बफच्या चाकावर धरले की प्रत्येक वेळी त्याचा थोडा थर निघून जातो. पोलादी घड्याळ दोन-चार पॉलिश सोसते. सोन्याच्या पातळ केसला दुसरे पॉलिशच जड जाते. विकण्यापूर्वी पॉलिश करा असे सांगणारा माणूस विक्रेत्याच्या हातून त्याचे स्वतःचेच मोल चाकावर घालवतो, कारण घेणारा संग्राहक सर्वांत आधी कानांच्या कडा आणि मुद्रांचे खोलपण बघतो. कोरीव मजकुराचेही तसेच. पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल दिलेल्या घड्याळाच्या पाठीवर नाव आणि तारीख कोरलेली असते, आणि ती घासून काढली की भाव वाढतो अशी एक समजूत आहे. घासल्याने झाकण पातळ होते, पत्र्यासारखे लवते, आणि तिरप्या उजेडात पुसलेली अक्षरे तरीही दिसतात. काही संग्राहक कोरलेली घड्याळे घेत नाहीत; मला तीच आवडतात. एखाद्या अनोळखी माणसाने पंचवीस वर्षे कोणाची तरी हिशेबाची वही सांभाळली, हे वाचत रोज सकाळी त्याला चावी देण्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

तबकडीबाबत लेखात काही म्हटलेले नाही. पण ‘स्वच्छ करून’ नेण्याच्या सल्ल्यात तीही भरडली जाते, म्हणून लिहितो. चांगल्या घराण्यांच्या जुन्या तबकड्या चांदीच्या पत्र्याच्या असत. नाव आणि मिनिटांच्या खुणा त्या पत्र्यात कोरून, खाचांत काळा मिना भरून, भट्टीत भाजून पक्क्या करीत. दहापट भिंगाखाली ही अक्षरे किंचित उठावदार दिसतात आणि त्यांच्या कडा तुटक नसतात. तबकडी पिवळी पडली म्हणून ती नव्याने रंगवून घेतली की तिथे सपाट छापील शाई येते, अक्षरांची अंतरे बिघडतात, आणि एकदा हे झाले की मागे फिरता येत नाही. या कामाची थोरवी कळायला एकच गोष्ट पुरेशी आहे: मंदीच्या तडाख्यात सापडलेले पाटेक फिलिप १९३२ साली ज्या स्टर्न बंधूंनी विकत घेतले ते त्याच घराण्याला तबकड्या पुरवणारे कारखानदार होते. आजही ते घराणे स्टर्न कुटुंबाकडेच आहे. घड्याळाचा चेहरा करणाऱ्यांनी अख्खे घड्याळ वाचवले, आणि आपण तोच चेहरा कापसाच्या बोळ्याने पुसायला निघतो.

हा सगळा नाश काही नव्याने सुरू झालेला नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेकोने ‘ॲस्ट्रॉन’ हे जगातले पहिले क्वार्ट्झ (बॅटरी आणि स्फटिकावर चालणारे) मनगटी घड्याळ विक्रीला आणले. गंमत अशी की तेही १८ कॅरेट सोन्याच्या केसमध्ये होते आणि त्याची किंमत साडेचार लाख येन होती. पुढच्या काही वर्षांत क्वार्ट्झ स्वस्त झाले आणि चावीची घड्याळे अडगळीत गेली. स्वित्झर्लंडच्या घड्याळ उद्योगात १९७० च्या सुमारास ९० हजारांच्या घरात असलेले कामगार ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत ३० हजारांच्या थोडे वर एवढेच उरले. याच काळात सोन्याची गोष्ट उलट्या दिशेने चालली होती. औंसाला ३५ डॉलर या अधिकृत भावाचा आधार अमेरिकेने १९७१ च्या ऑगस्टमध्ये काढून घेतला आणि २१ जानेवारी १९८० रोजी भाव ८५० डॉलरवर जाऊन टेकला. म्हणजे एकाच दशकात आतल्या मशीनची किंमत शून्याकडे आली आणि बाहेरच्या केसची चोवीस पटींनी वाढली. अशा वेळी कोणीही जे केले असते तेच लोकांनी केले: झाकण उघडून मशीन काढले, ते डब्यात टाकले, आणि केस मोडीत दिली. आज जुन्या बाजारात केस नसलेली, उघडीनागडी, उत्तम मशीन सुटी विकायला येतात, त्यातल्या पुष्कळांची जन्मकथा ही आहे. खिशातल्या साखळीच्या घड्याळांचे तर याहून हाल झाले, कारण त्यांच्या केस जाड होत्या.

आता सोन्याने २०२० च्या ऑगस्टमध्ये २,००० डॉलर आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये ४,००० डॉलर ओलांडले आहेत, आणि पुन्हा तोच खेळ मांडला जात आहे. फरक एवढाच की या खेपेला पाटेक किंवा व्हॅशराँ कोणी वितळवणार नाही. ती नावे आता सर्वांना ठाऊक आहेत आणि त्यांचे मोल सोन्याच्या कितीतरी पुढे गेलेले आहे. धोका आहे तो दुसऱ्या फळीला. ओमेगा, लाँजिन्स, झेनिथ, मोव्हाडो, युनिव्हर्सल जिनिव्हा यांची चाळीस ते साठच्या दशकांतली साधी सोन्याची घड्याळे संग्राहकांच्या बाजारात फार चढ्या भावाने जात नाहीत. सोने वाढत जाते आणि एके दिवशी केसच्या धातूची किंमत अख्ख्या घड्याळाच्या किंमतीला मागे टाकते. त्या दिवसापासून ते चालू राहण्यापेक्षा वितळलेले बरे असे हिशेब सांगू लागतो. आणि या दुसऱ्या फळीत कमअस्सल काही नाही. झेनिथच्या १३५ कॅलिबरचेच, म्हणजे त्या क्रमांकाच्या मशीनचेच, पाहा. त्याच्या स्पर्धेसाठी तयार केलेल्या मशिनांनी न्यूशातेलच्या वेधशाळेच्या अचूकतेच्या चाचण्यांत १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे पहिला क्रमांक मिळवला, आणि त्याच घडणीचे मशीन विक्रीच्या सोन्याच्या घड्याळांतही बसवले जात होते. ओमेगाने १९३९ पासून बनवलेले ३० मिलिमीटरचे मशीनही असेच. इतके सरळ आणि मजबूत की ऐंशी वर्षांनंतर नुसती साफसफाई आणि तेल दिल्यावर ते दिवसाला काही सेकंदांच्या फरकात चालते. असे घड्याळ ९ ग्रॅम सोन्यासाठी संपवणे हा हिशेब मला कळतो, पण पटत नाही.

स्त्रियांच्या घड्याळांची अवस्था याहून वाईट आहे. त्यांत घड्याळ चिमुकले आणि सोन्याचा विणीचा पट्टा भारी, त्यामुळे तराजूपुढे ती सर्वांत आधी जातात, आणि संग्राहक, जे बहुतेक पुरुष आहेत, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. जेगर-लकुल्त्रने १९२९ साली बनवलेले १०१ कॅलिबर हे अजूनही चावीच्या घड्याळांतले सर्वांत लहान मशीन मानले जाते. त्याचे वजन एक ग्रॅमच्या आसपास आहे, आणि १९५३ च्या राज्याभिषेकाच्या वेळी राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या मनगटावर तेच होते. लहान मशीन नीट चालवणे मोठ्यापेक्षा अवघड, हे कोणताही घड्याळजी सांगेल. माझ्या सतरांपैकी अशी दोनच आहेत याची मला लाज वाटते, आणि ती दोन्ही मला मोडीत निघालेल्या ढिगातून मिळाली आहेत.

सोने म्हणजेच मोल ही समजूत संग्राहकांच्या बाजाराने केव्हाच मोडीत काढली आहे. पाटेक फिलिपचे १५१८ क्रमांकाचे, कायमच्या दिनदर्शिकेसह क्रोनोग्राफ (सेकंद मोजायची सोय) असलेले घड्याळ १९४१ पासून बनले. ते बहुतेक सोन्यातच बनले, आणि पोलादातली फक्त चार ज्ञात आहेत. त्यांपैकी एक २०१६ साली जिनिव्हाच्या लिलावात १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेले. सोन्याच्या त्याच घड्याळांना तोवर याच्या आसपासही किंमत मिळाली नव्हती. उंची घड्याळ म्हणजे सोन्याचेच, असा त्या काळचा रिवाज होता, म्हणून पोलादी घड्याळ दुर्मीळ झाले. याचा अर्थ पोलाद सोन्यापेक्षा चांगले असा कोणी काढू नये; घेणारा धातूचे पैसे देत नाही, एवढाच तो आहे.

एक फसवणूकही याच वितळवण्यातून जन्माला आली आहे, तिचा इशारा नव्या संग्राहकांना द्यायला हवा. सुटी राहिलेली अस्सल मशीन नव्याने घडवलेल्या सोन्याच्या केसमध्ये बसवून, तबकडी रंगवून, ती जुनी म्हणून विकली जातात. मशीन खरे, सोने खरे, आणि घड्याळ खोटे. मोठ्या घराण्यांच्या दप्तरात मशीनचा आणि केसचा असे दोन वेगळे क्रमांक एकाच नोंदीत लिहिलेले असतात. पाटेक फिलिपसारख्या घराण्याकडून त्या नोंदीचा उतारा मिळवता येतो आणि त्यात मूळ गिऱ्हाइकाचे नाव नसले तरी घड्याळ कधी तयार झाले आणि कधी विकले गेले ते असते. केस वितळली की ही जोडी कायमची फुटते. मग उरलेले मशीन कितीही उत्तम असो, त्याच्याविषयी कोणी शपथेवर काही सांगू शकत नाही.

परंतु प्रत्येक जोडकाम खोटे नसते, आणि लेखासोबतच्या छायाचित्राबद्दल मला जे म्हणायचे आहे ते हेच. त्या छायाचित्रात बॅलन्स व्हीलवरच्या पुलावर ‘एलएक्सडब्ल्यू’ अशी तीन अक्षरे स्पष्ट वाचता येतात. अमेरिकेत आयात होणाऱ्या मशिनांवर आयातदाराची अशी तीन अक्षरे उमटवावी लागत. ‘एलएक्सडब्ल्यू’ ही लाँजिन्सची खूण आहे, ओमेगाची ‘ओएक्सजी’ होती. पूर्ण घड्याळावरची जकात भारी पडत असल्याने मशीन स्वित्झर्लंडहून नेऊन त्याला अमेरिकेतच, बहुधा १४ कॅरेटची, केस चढवण्याची तिथे रीतच होती. ते काम लाँजिन्सच्या तिथल्या अधिकृत विक्रेत्यांनीच करवून घेतलेले असे. म्हणजे ‘मशीन स्विस, केस अमेरिकेची’ हे ज्या घड्याळाबद्दल दोष म्हणून छापले गेले आहे, ते घड्याळ जसे जन्मले तसेच्या तसे शिल्लक आहे असे मला छायाचित्रावरून दिसते. कानांच्या कडाही शाबूत आहेत.

ज्यांना पैशांची निकड आहे त्यांनी घड्याळ विकू नये असे मी म्हणत नाही. घरातली सोन्याची वस्तू अडीअडचणीलाच असते आणि उपदेश करणारा मी कोण. विकण्यापूर्वी मागचे झाकण घड्याळजीकडून उघडून आतल्या मुद्रांचे, क्रमांकांचे आणि मशीनचे छायाचित्र काढून ठेवावे, काहीही पुसू नये, घासू नये, चावी भरून बंद पडलेले घड्याळ हलवून चालवू नये, आणि सराफाकडे जाण्याआधी एखाद्या संग्राहकाला ते दाखवावे, इतकेच माझे सांगणे आहे. आणि मोडायचेच ठरले तर निदान मशीन, तबकडी आणि काटे परत मागून घ्यावेत. सराफाला त्यांचा उपयोग नसतो आणि तो ते देतो, पण दुसऱ्या एखाद्या बंद घड्याळाला त्यातले एखादे चाक जीवदान देऊ शकते.

आपण पुढच्या अंकात माणकांविषयीच्या विधानाची आणि छायाचित्राखालच्या ओळीची दुरुस्ती छापावी अशी विनंती आहे. छायाचित्रातले घड्याळ कोणाचे आहे ते लेखात दिलेले नाही. लेखकमहाशयांना ते ठाऊक असेल, तर दुरुस्तीची वाट न पाहता आजच त्या मालकाला कळवावे, आणि त्याने ते अजून दिले नसेल तर देण्यापूर्वी हे पत्र त्याच्या हातात पडेल असे पाहावे.

आपला,
एक नियमित वाचक